दाढ दुखायच्या आधी: दात किडतो कसा, ओळखावा कसा आणि वाचवावा कसा

माझ्या दवाखान्यात रोज कानावर पडणारं वाक्य एकच: ‘आजवर कधी दुखलंच नाही हो डॉक्टर, म्हणून आलो नाही.’ बोलणारा गाल धरून बसलेला असतो, रात्रभर झोपलेला नसतो. तोंड उघडलं की दिसतं, दाढेत एवढा खड्डा आहे की जेवणानंतर काडीने त्यातली शितं काढायची त्याला कित्येक महिन्यांची सवय लागली आहे. म्हणजे खड्डा माहीत होता, फक्त दुखत नव्हता. नस सुजेपर्यंत दात बहुतेक वेळा गप्पच असतो. दुखायला लागेपर्यंत एका बैठकीत, थोड्या पैशांत होणारं काम रूट कॅनालवर किंवा दाढ काढण्यावर जाऊन ठेपलेलं असतं.

म्हणून हा लेख दुखण्याच्या आधीच्या काळाबद्दल जास्त आहे. आत्ता दुखत असेल तर मात्र थेट ‘रात्री ठणका लागला तर’ हा भाग गाठा आणि बाकीचं उद्या वाचा.

कीड म्हणजे अळी नव्हे

‘दाताला कीड लागली’ म्हटलं की डोळ्यांपुढे अळी येते. काही गावांत अजूनही भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात घ्यायला लावतात आणि मग खाली पडलेल्या बारीक पांढऱ्या ‘अळ्या’ दाखवतात. त्या अळ्या दातातून पडत नाहीत. दातात अळी असते ही समजूत आपल्या एकट्याचीही नाही, ती जगभर होती. फ्रान्समध्ये पिएर फोशार यांनी १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात तिला नकार दिला आणि १८९० मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने खरं कारण मांडलं: तोंडातले जिवाणू पिष्ट आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं.

हे आम्ल नेमकं कुठे बनतं? सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, त्यात. त्याला प्लाक म्हणतात. त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू असतात. तुम्ही चहाचा घोट घेतला की त्यातली साखर त्यांनाही मिळते आणि काही मिनिटांतच थराखालचा भाग आंबट होतो. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितका कमी तितकं आंबट), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण भाग, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज, पण आम्लापुढे त्याचं काही चालत नाही.

यावर उतारा म्हणजे लाळ. ती आम्ल पातळ करते, त्याचा जोर मोडते आणि निघून गेलेलं खनिज परत दातात आणून बसवते. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावून प्लाकचा पीएच मोजला तेव्हा दिसलं की तो झरझर उतरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या वेळात पुन्हा काही गोड तोंडात गेलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

दात किडणं म्हणजे ही रोजची देवघेव. दिवसभरात गेलेलं खनिज आलेल्यापेक्षा जास्त असेल तर काही महिन्यांनी, वर्षांनी खड्डा पडतो. उलट, खड्डा पडायच्या आधी हिशेब फिरवला तर सुरू झालेली कीड थांबते, काही वेळा भरूनही येते. पडलेला खड्डा मात्र भरून येत नाही, कारण इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात. कुठल्याही मंजनाने, तेलाने किंवा काढ्याने पडलेला खड्डा बुजत नाही. तसं छापून विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

घरी तपासणी: मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा

महिन्यातून एकदा, ब्रश केल्यावर, उजेडात तोंड उघडून बघा. दात आधी कापडाने किंवा टिश्यूने कोरडा करा, कारण पहिली खूण ओल्या दातावर दिसत नाही. ती खूण म्हणजे खडूसारखा, चमक गेलेला पांढरा डाग, बहुधा हिरडीच्या कडेला. डाग दिसला तर घाबरू नका. इथून मागे फिरता येतं. त्यानंतर तपकिरी, खरबरीत डाग येतो आणि मग खड्डा.

दाढेच्या चावायच्या बाजूला बारीक काळ्या रेघा असतात, त्यांनी लोक उगाच हबकतात. कडक, गुळगुळीत, वर्षानुवर्षं तशीच असलेली काळी रेघ अनेकदा थांबलेली कीड किंवा चहाचा डाग असतो. काळजी करायची ती रेघेच्या भोवती दात आतून राखाडी झाल्यासारखा दिसला तर. वरचं कवच शाबूत आणि आत पोकळ, असा प्रकार तिथे असतो आणि एक दिवस भाकरीचा तुकडा चावताना ते कवच खाली बसतं.

दोन दातांमधली कीड आरशात दिसतच नाही. तिची लक्षणं वेगळी: रोज एकाच ठिकाणी मटणाचा धागा किंवा मेथीचं पान अडकणं, फ्लॉसचा दोरा तिथेच फाटणं, एकाच जागी वास येणं, गोड खाल्लं की क्षणभर झिणझिणी. यासाठी दवाखान्यात छोटा एक्स-रे काढावा लागतो आणि तो काढा म्हणून सांगणारा डॉक्टर तुम्हाला लुटतो आहे असं समजू नका.

एक वेगळी गोष्ट चंद्रपूर, यवतमाळ अशा काही जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी. तिथल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखे, पांढरे किंवा पिवळे-तपकिरी पट्टे असतात. ती कीड नव्हे, फ्लोरोसिस आहे. घासून घासून तो जात नाही आणि घासल्याने दातच झिजतो. अशा गावात पाण्याची तपासणी करून घेणं हा खरा उपाय. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड भारतीय मानकांना मान्य आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

कोणत्या टप्प्यावर काय उपचार

पांढरा डाग असेल तर ड्रिल लागत नाही. डॉक्टर दातांवर फ्लोराइड वार्निश लावतात; दोन-पाच मिनिटांचं काम, दर तीन ते सहा महिन्यांनी. घरी फ्लोराइडची पेस्ट आणि खाण्याच्या वेळा आवरणं. एवढंच. पण हे ‘एवढंच’ न केल्यामुळे पुढचे सगळे टप्पे येतात.

खड्डा पडला, पण नसेपर्यंत गेला नाही: दात भरायचा. लोक याला ‘सिमेंट भरणं’ किंवा ‘चांदी भरणं’ म्हणतात. चांदी म्हणजे अमाल्गम. टिकाऊ, पण दिसायला काळपट आणि आता मागे पडत चाललेलं. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट हल्ली सर्रास वापरतात. ते भरताना दात पूर्ण कोरडा हवा, लाळ लागली की पकड सैल. म्हणून ते भरताना डॉक्टर कापूस बदलत, हवा मारत वेळ घेतात, तेव्हा कंटाळू नका. तिसरा प्रकार ग्लास आयोनोमर: ताकदीला जरा कमी, पण स्वतः थोडं थोडं फ्लोराइड सोडतो, म्हणून लहान मुलांना आणि वयस्कांच्या मुळांवरच्या किडीला चांगला. खोल खड्ड्यात पूर्वी सगळा मऊ भाग खरवडून काढत आणि त्यात नस उघडी पडे. आता नसेच्या अगदी जवळचा थोडा मऊ भाग मुद्दाम ठेवून वरून घट्ट बंद करतात. आतल्या जिवाणूंना खायला मिळालं नाही की ते निपचित पडतात.

कीड नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल. ‘नस मारणं’ या शब्दाने लोक उगाच घाबरतात. नस तोवर बहुधा स्वतःहून मरायला टेकलेली असते. आपण फक्त ती बाहेर काढतो. भुलेचं इंजेक्शन देतात, दाताला रबराचा पडदा लावतात, वरून बारीक दार उघडतात, बारीक फाइल्सनी मुळांच्या नळ्या टोकापर्यंत साफ करतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाने धुतात आणि मग गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या नळ्या बंद करतात. एक ते तीन बैठका. भूल नीट चढली असेल तर दुखत नाही. सुजलेल्या दाढेला मात्र भूल कमी चढते, म्हणून सूज यायच्या आधी या असं आम्ही सारखं सांगत असतो.

रूट कॅनालनंतरची चूक मी सगळ्यात जास्त बघतो. दुखणं थांबतं, पेशंट खूश होतो आणि कॅप, म्हणजे दाढेला वरून झाकणारं टोपण, बसवायला येतच नाही. वर तात्पुरतं पांढरं सिमेंट असतं ते महिन्याभरात झिजतं, लाळ आत शिरते, किंवा पोकळ झालेली दाढ एक दिवस उभी चिरते. उभी चिरलेली दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. म्हणजे रूट कॅनालचे पैसे गेले आणि दाढही गेली. पैसे जमवायचे असतील तर कॅपसकट जमवा, मगच सुरू करा. आणि साधी धातूची कॅप दाताच्या रंगाच्या महागड्या झिरकोनिया कॅपपेक्षा दिसायला कमी असली तरी मागच्या दाढेवर उत्तम चालते.

दाढ काढणं हा शेवटचा पर्याय. काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, तंबाखू तर अजिबात नाही. जखमेतली रक्ताची गुठळी निघून गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाड उघडं पडून भयानक ठणकतं. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात हे खोटं आहे. दाताची आणि डोळ्याची दृष्टीची नस वेगळी आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधीच सांगा.

आणि बाजारात, जत्रेत रस्त्याकडेला बसून शेजारच्या दातांना चिकटवून दात बसवून देणाऱ्यांकडून काही करून घेऊ नका. त्या चिकटवलेल्या दाताखाली कधीच साफ करता येत नाही आणि एका दाताच्या नादात दोन चांगले दात सडतात.

रात्री ठणका लागला तर

दातातली नस कठीण भिंतींच्या खोलीत असते. सूज आली तरी पसरायला जागा नाही, म्हणून ठोके पडल्यासारखं दुखतं. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका वाढतो. म्हणून पहिली गोष्ट, दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा.

कोमट पाण्याने चूळ भरून खड्ड्यात अडकलेलं अन्न काढा. चालत असेल तर पॅरासिटॅमॉल घ्या, किंवा जेवणानंतर आयब्युप्रोफेन. अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नको. लवंगाचं तेल कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन खड्ड्यात ठेवलं तर त्यातलं युजेनॉल काही वेळ बधिर करतं, पण हिरडीला लागलं तर ती भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ ठेवून देण्याचा प्रकार तर विसराच; हिरडी पांढरी पडून सोलली जाते. गालावर बाहेरून शेक देऊ नका, सूज वाढते. गार कपडा ठेवा.

मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाण्याने नसेची सूज उतरत नाही. खड्डा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी खरी गरज असताना ते औषध चालत नाही.

दुखण्याच्या रंगावरून दाताची अवस्था कळते. गार लागलं की झिणझिणी आणि दोन-चार सेकंदांत बंद: नस अजून वाचते, लगेच या. गार-गरम लागल्यावर कितीतरी वेळ ठणकत राहतं, गरमाने वाढतं, आपोआप मध्यरात्री जाग येते: नस जाणार. आणि जो मनुष्य सांगतो ‘डॉक्टर, मागच्या आठवड्यात फार दुखत होतं, आता बरं वाटतंय’, तो मला जास्त काळजीत टाकतो. नस मेली की दुखणं थांबतं. आतला जंतुसंसर्ग मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतो, मग चावताना दाढ उंच लागते, हिरडीवर पूवाची पुटकुळी येते.

थेट मोठ्या हॉस्पिटलात जायची वेळ कधी? गाल किंवा हनुवटीखाली सूज झपाट्याने वाढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.

ब्रश: रात्रीचा महत्त्वाचा

आपल्याकडे सकाळी दात घासल्याशिवाय चहा नाही, हा नियम घरोघरी कडक आहे. रात्री मात्र जेवलं, दूध प्यालं, झोपलं. हे उलटं आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणजे दिवसभराचा रक्षक रात्री नसतो. दोन्हींपैकी एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची ठेवा आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. साखर घातलेलं हळदीचं दूधसुद्धा ब्रशच्या आधी.

मऊ ब्रश, दोन मिनिटं. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून लहान लहान हालचाली, एका वेळी दोन-तीन दात. कपडे घासल्यासारखं जोरात घासलं तर हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं, ते लवकर किडतं. ब्रशचे केस फाकले की बदला, साधारण तीन महिन्यांनी.

पेस्ट घेताना जाहिरात नको, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी काहीतरी असायला हवं. भारतातल्या नियमानुसार पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त असता कामा नये आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. बाजारातल्या बऱ्याच आयुर्वेदिक नावाच्या पेस्टमध्ये ते नसतंच. फ्लोराइड इनॅमलच्या स्फटिकात बसलं की तो स्फटिक आम्लाला जास्त टिकतो, पीएच ४.५ च्या आसपास जाईपर्यंत विरघळत नाही.

घासून झाल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका. हे सांगितलं की लोकांना किळस येते, पण चार चुळा भरल्या की पेस्टमधलं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. दातांवर त्याचा पातळ थर राहू द्या.

दोन दातांमध्ये ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथे फ्लॉसचा दोरा किंवा दातांमधला छोटा ब्रश. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी नव्हे. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट वापरली तर थर निघतो, पण तिच्यात फ्लोराइड नाही. कोळशाचं मंजन, राखुंडी, मीठ, विटेची पूड या सगळ्यांनी दात पांढरे दिसतात ते झिजल्यामुळे.

मिसरीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. जळवलेल्या तंबाखूची ही पूड अनेक घरांत आया-आज्या ‘दात घट्ट राहतात’ म्हणून लावतात. ती दात घासायची वस्तू नाही, तंबाखूच आहे, तिची सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सुरुवात दाढदुखीवर उपाय म्हणून झालेली असते, म्हणून आजीला रागावण्याआधी तिची दाढ दाखवून आणा.

खाणं: किती यापेक्षा किती वेळा

चाळीस वर्षांच्या एका दुकानदाराचा दिवस बघा. सकाळचा चहा, नाश्त्यानंतर चहा, अकराला चहा-बिस्किट, दुपारी जेवणानंतर रंगीत गोड बडीशेप, चारला चहा, संध्याकाळी गिऱ्हाईकाबरोबर अर्धा कप, रात्री पुन्हा बडीशेप. प्रत्येक वेळी अर्धा तास आम्ल धरलं तर दिवसाचे साडेतीन तास दात विरघळतो आहे. त्याने एकूण साखर फार खाल्लेली नाही. तो मधुमेहीही नाही. तरी त्याच्या दातांची चाळण झालेली असते. दिवाळीत जेवणाबरोबर दोन लाडू खाणाऱ्या माणसाचं नुकसान त्याच्यापेक्षा कमी होतं.

हे स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात व्हिपेहोल्मच्या मनोरुग्णालयात तपासलं गेलं. रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी देऊन कोणाचे दात किडतात ते पाहिलं. आज असा प्रयोग करणं गुन्हा ठरेल आणि ठरायलाच हवा. पण त्यात दिसलं ते असं: जेवणाबरोबरच्या साखरेने फारसं बिघडलं नाही, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोडाने दात झपाट्याने गेले.

म्हणून गोड सोडायला मी सांगत नाही, ते जेवणाबरोबर खा. श्रीखंड-पुरीच्या ताटातलं श्रीखंड चालेल. फ्रिज उघडून तासा-तासाला चमचाभर नको. चहा दोनच वेळा, आणि साखर कमी करत न्या. गुळाचा चहा दातांना साखरेसारखाच. मध, खजूर, मनुकाही तसेच, उलट चिकटतात जास्त. बिस्किटं, वेफर्स, उपवासाचा साबुदाणा हे फारसे गोड लागत नसले तरी पिठूळ लगदा दाढेत बसून राहतो. चिक्की खाल्लीत तर वर पाणी प्या, शेंगदाणे किंवा काकडी चावा. चावल्याने लाळ सुटते. कोल्ड्रिंकमध्ये साखर आणि आम्ल दोन्ही असतं, ते घोट-घोट तासभर पीत बसू नका. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, नरम झालेला थर घासला जातो. पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगितलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे सहा चमचे. घरातले चहाचे कप मोजून बघा.

मुलांचे दात, आणि ती सहा वर्षांची दाढ

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य मला मुलांच्या बाबतीत ऐकावं लागतं. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांना पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर पुढची सात-आठ वर्षं ते तिच्यावर जेवणार आहे. ती लवकर काढली तर शेजारचे दात सरकून जागा बुजते आणि नंतर येणारा दात वाकडा येतो.

बाळाचा पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती मुलांसाठी नव्हे. सात-आठ वर्षांपर्यंत आईने, बाबांनी किंवा आजीने स्वतः घासून द्यायचं. ज्याला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याला दातही नीट घासता येत नाहीत.

रात्री तोंडात साखरेच्या दुधाची बाटली ठेवून झोपवणं हे लहान मुलांच्या किडीचं मोठं कारण. ओठ वर उचलून पुढच्या वरच्या दातांच्या हिरडीकडच्या कडा बघा. पांढरी रेघ दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. खोकल्याचं गोड औषधही झोपताना देऊन तसंच झोपवू नका. पहिली भेट एक वर्षाच्या आत व्हावी, तेव्हा बहुधा काही करावं लागत नाही आणि मुलाला खुर्चीची भीती बसत नाही.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही. म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही आणि आलीच लक्षात तर दुधाची समजून सोडून देतात. ती कायमची आहे, साठ-सत्तर वर्षं वापरायची. तिच्या चावायच्या भागावर खोल खाचा असतात, ब्रशचा एक केसही त्यांत जात नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या किडलेल्या दाढांमध्ये मला नेहमी हीच भेटते. ती पूर्ण वर आली की डॉक्टरांकडून सीलंट लावून घ्या: खाचांमध्ये पातळ द्रव भरून दिवा लावून घट्ट करतात, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. बाराव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या दाढेलाही तेच. मुलाच्या सहाव्या वाढदिवसानंतर दर दोन महिन्यांनी टॉर्च घेऊन मागे बघा, इतकंच लक्षात ठेवलं तरी या लेखाचे पैसे वसूल.

किडलेल्या दुधाच्या दाढेवर ड्रिलशिवाय स्टीलची कॅप बसवायची पद्धत आहे, स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाते. कीड आत बंद केली की ती थांबते. अगदी लहान, खुर्चीत न बसणाऱ्या मुलांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावतात. थेंबाने कीड थांबते, पण ती जागा कायमची काळी होते. हे आधीच विचारून घ्या, नाहीतर नंतर वाद होतात.

गरोदर बायका आणि घरातले वयस्कर

‘बाळ कॅल्शियम ओढून घेतं म्हणून दात जातात’ ही समजूत चुकीची. दातातलं कॅल्शियम परत रक्तात जात नाही. उलट्या, सारखं थोडं थोडं खाणं आणि मळमळीमुळे टाळलेला ब्रश ही खरी कारणं. गरोदरपणात दात भरता येतात, रूट कॅनालही होतं. चौथा ते सहावा महिना सोयीचा.

वय झालं की हिरड्या उतरतात, मुळं उघडी पडतात. त्यात रक्तदाबाच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं होतं, लाळ कमी, मग कीड वेगाने. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्यांना तर हे फार होतं. त्यांनी उपचाराआधीच दात दाखवावेत. कोरड्या तोंडाला खडीसाखर किंवा गोड गोळ्या चघळणं म्हणजे आगीत तेल. पाण्याचे घोट आणि साखरेशिवायचं च्युइंगम बरं.

कुठे जायचं, काय विचारायचं

पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांकडे वळा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो, दर कमी असतो. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा खूप कमी. सकाळी लवकर जा आणि जेवून जा, कारण उपाशी पोटी भूल घेऊन लोक चक्कर येऊन पडतात.

खुर्चीत बसल्यावर तीन प्रश्न विचारा: कीड कुठपर्यंत गेली आहे, एक्स-रेवर दाखवता का? आत्ता भरलं नाही आणि सहा महिने थांबलं तर काय होईल? रूट कॅनाल असेल तर कॅपसकट एकूण किती? उत्तर देणारा डॉक्टर शोधा. एक्स-रे आणि केलेल्या कामाचा कागद एका पाकिटात घालून घरच्या इतर रिपोर्टांबरोबर ठेवा, दुसऱ्या गावी गेलात तर तिथल्या डॉक्टरला जुन्या एक्स-रेशी ताडून कीड वाढली की थांबली ते लगेच कळतं.